हिवराखालचे उंचवटे

शाळूची ज्वारी पोटरीला आली की माझी मनगटं शिवशिवायला लागतात. सकाळी दुकानाचं शटर वर करताना लोखंड बोटांना चावतं. समोरच्या चहाच्या टपरीवर माणसं शेगडीभोवती हात पुढं करून उभी असतात. वारा असा कोरडा सुटतो की दुपारपर्यंत ओठ फुटतात. गावाबाहेर फाट्यावर माझं औषधांचं दुकान आहे, घरही तिथंच. या दिवसांत गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागतं, टाचांच्या भेगांचं मलम मागतं, मी काढून देते, आणि देता देता माझी उजव्या हाताची दोन बोटं काउंटरच्या कडेवर आपसूक आवळली जातात. ब्रेक दाबल्यासारखी.

तो हिवाळा संपून दोन वर्षं झाली. बोटांना ते कुणी सांगितलेलं नाही.

आमचा मुलूख सातारा आणि सांगलीच्या शिवेवरचा. पश्चिमेला महाबळेश्वरावर पावसाळाभर ढग फुटत असतात, पाटणच्या खोऱ्यात माणसं घोंगडी पांघरून भात लावतात, आणि आमच्या माणदेशात ते ढग नुसते डोक्यावरून जातात, ओळख नसल्यासारखे. आम्हालाही नदी आहे. तिच्या नावात गंगा आहे, पात्रात वाळू आहे, आणि आता तीही सगळीकडं उरलेली नाही. परतीचा पाऊस चांगला झाला तर डोहांतून दिवाळीपर्यंत पाणी दिसतं. अलीकडं कधीमधी उपसा योजनेचं पाणी सोडतात, तेव्हा पोरं पुलावर उभी राहून मोबाईलवर फोटो काढतात. एरवी नदी म्हणजे एक रुंद, पांढरी, वळणं घेत गेलेली वाट. दोन्ही काठांना मुरमाची टेकाडं, खुरट्या बाभळी, तरवडाची पिवळी फुलं, मेंढरांनी पाडलेल्या बारीक पायवाटा, आणि पाय ठेवाल तिथं सराट्याचे काटे.

या मुलुखाचं कुणाला कौतुक वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ते पहिल्यांदा विलासदादाच्या तोंडून ऐकलं.

विलासदादा माझा सख्खा चुलतभाऊ. अठरा वर्षांचा होऊन सैन्यात गेला तो हवालदार होऊन परत आला. नोकरीत कुठल्याशा डोंगरी छावणीत असताना त्याला जाड टायरांच्या सायकलीचा नाद लागला होता. येताना पेटी, वळकटी आणि एक सायकल घेऊन आला. गावात सगळ्यांनी बघितली. एवढ्या जाड चाकांची सायकल आणि मागं कॅरियर नाही, म्हणजे हिचा उपयोग काय, हा गावाचा पहिला प्रश्न. दादा रोज पहाटे नदीत उतरायचा आणि ऊन चढल्यावर धुळीनं माखून परत यायचा.

एकदा दुकानात आला, पाण्याची बाटली मागितली, आणि म्हणाला, "बाय, जगात लोक पैसं मोजून असल्या जागंला जात्यात. आपल्या परसात हाय ही."

"काय आहे परसात?"

"वाट गं. उतार, चढ, वाळू, खडक. समदं एकाच खोऱ्यात. तू ये एकदा."

मी हसले. तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. मुलगा शिकायला पुण्याला गेला होता, त्याची सायकल जिन्याखाली धूळ खात होती. हीसुद्धा तसलीच, गिअरची, जाड चाकांची, त्यानं हट्टानं घेतलेली आणि चार महिन्यांत विसरलेली. एका रविवारी नवऱ्याला चहा देऊन मी ती बाहेर काढली. त्यानं वर्तमानपत्र खाली घेतलं, माझ्याकडं बघितलं, "हवा भरून घे," एवढंच म्हणाला आणि वर्तमानपत्र परत वर केलं. त्याचं ते न विचारणं मला फार आवडलं.

पहिल्या दिवशी मी पाच वेळा तरी पडले असेन. वाळूत चाक रुततं, मुरमावर सरकतं. घाबरून ब्रेक दाबला की हमखास आपटायला होतं. "लांब बघ," दादा ओरडायचा, "चाकाखाली बघू नगंस. जिथं जायचं हाय तिथं बघ." हे कळायला महिना गेला. पण एकदा कळल्यावर जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. टेकाडावरून घळीत उतरताना वारा कानशिलांवर आपटतो, करडईच्या फुलांचा उग्र वास एका क्षणापुरता येतो आणि मागं पडतो, तितर पायाखालून फडफडून उडतात, आणि आपण कुणाची बायको, कुणाची आई, कुठल्या दुकानाच्या मालकीण आहोत हे सगळं वरच राहतं. खाली उतरतं ते नुसतं अंग. गुडघे फुटले, कोपरं सोलवटली. गावात बोलणी झाली. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "औषधवाली बाई सायकलवरनं नदीत का जाती? जडीबुटी हुडकती काय?" आईनं एकदाच विचारलं, "पडून दात पाडून घेशील, मग?" आणि मला ताकभाकरी वाढली.

शाळूला कणसं भरत होती. हुरड्याचे दिवस आले. आम्ही घळीतून वर आलो की कुणाच्या तरी शेतात आगटी पेटलेली असायची, हाक यायची, आणि तळहातावर चोळलेला गरम हुरडा तोंडात टाकताना हाताला लागलेल्या ग्रीसची चवही त्याबरोबर जायची. मला वाटायचं, एवढं सुख या वयात मिळायला आपण काय केलं?

दादानं त्या हिवाळ्यात वाट पक्की केली. मेंढवाटा एकमेकींना जोडल्या, अवघड चढ तासले. गावापासून वर, जिथं नदी मोठं वळण घेते, तिथं काठावर वेड्या बाभळीचं रान माजलं होतं. इतकं दाट की शेळीसुद्धा आत शिरत नव्हती. त्यात मधोमध एक जुना हिवर उभा होता, त्याचा शेंडा तेवढा लांबून दिसायचा. दादानं कोयता आणि कुऱ्हाड घेऊन कितीतरी दिवस ते रान तोडलं. आत मोकळी जागा निघाली, आणि हिवराखालून नदीकडं उतरत जाणारी उंचवट्यांची रांग निघाली. गुडघ्याएवढे, कुठं त्याहून बुटके, मुरमाचे आणि दगडांचे. पावसानं गोल झालेले. एक चढायचा, उतरायचा, लगेच दुसरा.

"हे बघ," दादा म्हणाला, "देवानंच करून ठिवलंय."

आम्ही उंचवट्यांवरचे सुटे दगड काढले. वर मुरूम पसरला, दादानं धुमसानं ठोकून तो गुळगुळीत केला. निघालेले दगड खालच्या वळणाला, कड ढासळू नये म्हणून रचले. त्या दगडांत एक गारेचा होता, पांढराशुभ्र, नारळाएवढा. तो मी वळणाच्या तोंडाशी बसवला. सकाळच्या उन्हात चमकायचा, वळण कुठं सुरू होतं ते लांबून कळायचं. मला माझ्या कल्पनेचं कौतुक वाटलं होतं.

त्या उंचवट्यांवरून सायकल सोडली की वर-खाली, वर-खाली असा झोका बसायचा. चाकं जमीन सोडायची, पोट हलकं व्हायचं. यात्रेतल्या आकाशपाळण्यात बसल्यासारखं. म्हणून आम्ही त्या जागेला पाळणा म्हणायला लागलो. दादानं मोबाईलवर चित्रण करून सैन्यातल्या मित्रांना पाठवलं, त्यांनी आणखी कुणाला. सांगली-कराडकडचे सायकलवाले विचारायला लागले, पाळणा कुठं आहे? एका रविवारी त्यांचा एक गट येणार असं ठरलं. मी सगळ्यांसाठी हुरडा आणि दही सांगून ठेवलं.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही वाट शेवटची बघायला गेलो.

मी पुढं होते. हिवराखालून सायकल सोडली. पहिला उंचवटा, दुसरा, आणि तिसऱ्यावर बाई बसलेली. मी किंचाळले असेन. दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक आडवं झालं आणि मी घसरत जाऊन तिच्यापासून हातभर अंतरावर पडले. ती हलली नाही. तिनं पायसुद्धा मागं घेतला नाही. तिच्याभोवती शेळ्या तोडलेल्या बाभळीच्या शेंगा खात होत्या.

"आवं मावशी!" दादा मागून ओरडत आला. "बाजूला व्हायचं की! लागलं असतं म्हंजे?"

"लागू दे," ती म्हणाली.

मी तिला ओळखत होते. कौसाबाई. पल्याडच्या वस्तीवरची, शेळ्या राखणारी. माहेर जतकडचं, त्यामुळं बोलता बोलता मध्येच कानडी शब्द यायचा. दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायची. एरवी फार गोड बोलणारी बाई.

"कौसामावशी, काय झालं?" मी उठत विचारलं. गुडघ्यातून रक्त येत होतं, ते मला नंतर कळलं.

तिनं हाताचा पंजा खाली मुरमावर ठेवला. "ह्येच्याखाली काय हाय, ठावं हाय का तुमास्नी?"

दादा सायकल आडवी ठेवून जवळ आला.

"माझा पोरगा हाय."

मला अर्थच लागेना. तिचा मोठा मुलगा ट्रॅक्टर चालवतो, परवाच दिसला होता. त्याला काही झालं की काय, या रानात त्याला कुणी, असलं काहीतरी भयंकर माझ्या डोक्यात येऊन गेलं.

"कधी?" मी विचारलं.

"लय वरसं झाली. अंगावर पीत हुता." मग तिनं हात लांब केला आणि वरपासून खालपर्यंत फिरवला, जिथून आम्ही झोके घेत उतरायचो त्या सगळ्या रांगेवरून. "ही समदी पोरंच हायती. बारकी. दातबी आलं न्हवतं कुणाला. दात न आलेलं पोर जाळत न्हाईत, मातीत ठिवत्यात. ह्या वळणाला ठिवत्यात."

वारा होता की थांबला होता, आठवत नाही. कानात एक बारीक शिट्टी वाजायला लागली, पंक्चर झाल्यावर ट्यूबमधून हवा जाते तशी. मी खाली बघितलं. माझे बूट दुसऱ्या उंचवट्याच्या उतारावर होते. मी पाय उचलला. आणि तो कुठं ठेवावा हे मला कळेना. खरंच कळेना. एका पायावर मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

दादानं हेल्मेट काढलं. आधी वाटलं तो काहीतरी बोलणार, समजावणार. तो वाळूत मटकन खाली बसला. "बाय," तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी हितं धुमस मारला गं. दोन दिस धुमस मारला."

कौसाबाई त्याच्याकडं बघत नव्हती. ती उंचवट्यावर हात फिरवत होती, काहीतरी चाचपत होती. "बाप्या मानूस घरात कुणी न्हवतं. समदी मेंढरं घिऊन खाली गेलेली. म्याच आनला पदरात. म्याच उकरलं. कोल्ह्यानं उकरू नये म्हनून दगूड रचलं. वर एक पांढरा ठिवला, गारंचा. म्हनलं, कवा आलं तर वळखू यावा. मग ही बाभळ माजली, यायचंच ऱ्हायलं. आज शेरडं आत घुसली म्हनून आले, तर," तिचा आवाज पहिल्यांदा फाटला, "यव्वाऽ, त्यो पांढरा दगूड कुटं हाय गं?"

मला माहीत होतं तो कुठं आहे.

मी उतारानं खाली पळत गेले, कडेकडेनं, उंचवट्यांना टाळत, जसं पहिल्यांदाच त्या जागेत आले होते. वळणाच्या तोंडाशी तो उन्हात चमकत होता. मी दोन्ही हातांनी ओढला. निघेना. मुरूम सिमेंटसारखा बसला होता, मीच बसवला होता. नखं तुटली. दादा हिवराखाली ठेवलेली कुदळ घेऊन आला आणि त्यानं फार हळू, जसं कुणाला तरी जाग येईल अशा बेतानं, बाजूचा मुरूम सोडवला. दगड निघाला. कौसाबाईनं तो पदरानं पुसला, मांडीवर घेतला, उलटापालटा केला, आणि तिसऱ्या उंचवट्यावर ठेवला. मग म्हणाली, "माझा घावला. बाकीच्यांचं काय?"

सगळे दगड एका कडेत चिणलेले. कुठला कुणाचा, कोण सांगणार? आम्ही ते दोन्ही बाजूंनी गोळा केले होते. नंतर कळलं, रांगेच्या एका अंगाला गावातल्या आणि वस्त्यांवरच्या घरांची बाळं आणि दुसऱ्या अंगाला बौद्धवाड्यातली. गावात वाडे वेगळे तसे तिथंही वेगळे. आम्ही नकळत सगळे दगड एकत्र करून टाकले होते.

कौसाबाईनं आम्हाला शिवी दिली नाही, माफही केलं नाही. शेळ्या हाकल्या आणि गेली.

दादानं तिथूनच सांगलीच्या माणसाला फोन लावला. "उद्या येऊ नका," म्हणाला. तिकडून कारण विचारत असावेत. दादा म्हणाला, "वाट बंद झाली." फोन खिशात ठेवून तो उंचवट्यांकडं पाठ करून बसला. बर्फात आणि गोळीबारात राहून आलेला माणूस. मी त्याला असा कधी बघितला नव्हता.

त्यानंतरचे काही दिवस माझ्या आठवणीत धड लागत नाहीत. दुकानात उभी असले तरी तळपायांना ते उंचवटे जाणवायचे. वर, खाली. वर, खाली. सुख म्हणून जे अंगात साठवलं होतं ते तसंच होतं, गेलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ तेवढा पालटला होता. एखाद्या गिऱ्हाइकाच्या कडेवर तान्हं बाळ असलं की मी नजर दुसरीकडं वळवायचे. आजही काउंटरवर नव्यानं आई झालेल्या मुली येतात, लोहाच्या गोळ्या नेतात, तापाचे थेंब नेतात, सरकारी दवाखान्यातली लस झाल्यावर सूज आली म्हणून विचारायला येतात. मी त्यांना दोनदा बजावून सांगते, बाळाला अंगावर पाजत राहा, ताप चढला तर थांबू नका, गाडी करा. त्या "व्हय ताई" म्हणतात आणि जातात. वळणावर नवा उंचवटा होऊन कितीतरी वर्षं झाली असावीत. बाभळ माजली ती त्यामुळंच. जागेची गरज संपली आणि गावानं ती विसरून टाकली, निदान गावातल्या पुरुषांनी तरी.

पारावरचे म्हणाले, जुनं झालं, आता कशाला उकरता? दादानं आणि मी ती दगडी कड सोडवली. सगळे दगड धुतले आणि हिवराखाली मोकळ्या वाळूत मांडून ठेवले. ठोकलेला मुरूम दादानं हातानं खरवडून काढला, कुदळ लावू दिली नाही.

बायका यायला लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं. दुपारच्या वेळेला, धुणं आटपून, दोघी-तिघी मिळून यायच्या. काही इतक्या म्हाताऱ्या की सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. हिवराखाली दगडांपुढं उभ्या राहायच्या, बराच वेळ बघायच्या, आणि एखादा उचलायच्या. कशावरून निवडतात, मला कळत नव्हतं. एकीला मी विचारलं, "मावशी, हाच होता हे कसं ओळखलं?" ती म्हणाली, "वळखायला मी कुटं आले हुते? बाळतिणीला कोन आनतंय हितं? पोराचा बाप घिऊन गेला, मोकळ्या हातानं आला." तिनं दगड छातीशी धरला होता. "मला तर आजच कळलं ही जागा हितं हाय म्हनून."

इतकी वर्षं या बायका नदीवरून सरपण आणत होत्या, वळणापर्यंत येऊन मागं फिरत होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याचजणींना आपलं मूल नेमकं कुठं आहे ते माहीतच नव्हतं.

त्या दुपारी मी गावातल्या माहेरच्या घरी गेले. वडील गेल्यापासून आई तिथं एकटी राहते, माझ्याकडं ये म्हटलं तर नको म्हणते. पडवीत उन्हात बसून ती ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत होती. गावात एवढी चर्चा चालली होती आणि तिनं त्यावर चकार शब्द काढला नव्हता. मी शेजारी बसले, तिला सगळं सांगितलं. पांढऱ्या दगडाचं, धुमसाचं, त्या बाईचं. ती सोलत होती. दाणे ताटात पडत होते, टक, टक.

"मोठ्या वळनाला न्हवं?" तिनं विचारलं.

"हो. हिवराखाली."

"हिवराचंच म्हनत हुती समदी." तिनं आणखी एक घाटा सोलला. "आपलीबी एक हाय तिथं."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ऐकण्यात चूक झाली असं वाटलं.

"आपली कोण?"

"तुझ्या आदुगरची. पोरगी."

मी घरात पहिली. थोरली. लहानपणापासून मला हेच माहीत. थोरलेपणाची सगळी कामं, सगळी बोलणी, सगळा मान माझ्या वाट्याला आलेला. मी एकेचाळीस वर्षांची होऊन पडवीत बसले होते आणि माझी आई हरभरा सोलता सोलता मला सांगत होती की तू पहिली नाहीस.

"आई, तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? बाराव्या दिशी बारसं हुतं, त्याच्या आदल्या दिशी गेली. विलासच्या बापानं न्हेली, तुजा बाप आजारी हुता म्हनून. मला कुनी इचारलं न्हाई, मीबी कुनाला इचारलं न्हाई." तिचे हात आता थांबले होते. "दूध यायचं थांबंना. पंधरा दिस यायचं. तुझी आजी म्हनली, पिळून टाक. परड्यात जाऊन भिंतीला पिळायचे. मुंग्या यायच्या तिथं."

मी परड्याच्या दाराकडं बघितलं.

आईनं ताट बाजूला सरकवलं. "बायकांच्या घोळक्यात मी न्हाई यायची. तुला वाट म्हाईत हाय न्हवं? तूच न्हे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी दुकान उशिरा उघडायचं ठरवून सायकलवरच गावात आले होते. ती तशीच हातात धरून चालत निघाले. आईला वाळूतून चालायला जड जात होतं, तेव्हा तिनं एक हात सायकलच्या सीटवर ठेवला आणि त्याच्या आधारानं पावलं टाकू लागली. दोन्ही काठांवर शाळू उभा होता, कणसं पिवळसर पडायला लागलेली. होल्यांचं घुमणं चाललं होतं. दव सुकलं नव्हतं. इतकी सुंदर सकाळ होती की मला तिचा राग येत होता. आई एका ठिकाणी थांबून म्हणाली, "हितवर येऊन मी कैक बार मागं फिरले. जळान घिऊन." आणि पुढं चालायला लागली. घाईघाईनं.

हिवराखाली आता थोडेच दगड उरले होते. आईनं ते बघितले, पण एकही उचलला नाही. उंचवट्यांच्या रांगेकडं तोंड करून उभी राहिली. काहींवर दगड परत बसले होते, कुठं हळदीकुंकू होतं, एकावर कुणीतरी लहान मुलाचं टोपडं ठेवलं होतं, कोऱ्या कापडाचं. कौसाबाईचा पांढरा दगड तिसऱ्यावर होता.

"कुठली आपली?" मी हळूच विचारलं.

"काय ठावं?" आई म्हणाली. "कुठलीबी आसंल."

ती रांगेच्या कडेनं सावकाश खाली गेली. शेवटून दुसऱ्या, अगदी बुटक्या उंचवट्यापाशी थांबली. त्यावर काहीच नव्हतं. ती खाली बसली, पाय दुमडून, जशी जेवायला बसते तशी. मुरमावर तळहात ठेवला. मी दहा पावलं मागं सायकल धरून उभी होते. पुढं जावं की नको ते ठरत नव्हतं.

मग आईनं हाक मारली, "सुवर्णा."

"काय गं आई?" मी म्हणाले आणि पुढं झाले.

तिनं मान वळवली नाही.

"तुला न्हवं," ती म्हणाली.

मी जागच्या जागी थांबले.

"बारशाला ह्येच नाव ठरलं हुतं तिचं. तुझ्या बापानं हुडकून काढलेलं. म्हनलं, चांगलं नाव हाय, वाया कशाला घालवायचं. मग तुला ठिवलं." तिनं हात मुरमावरून एकदा मागंपुढं फिरवला, अंथरूण सारखं करावं तसा. "आज तिची तिला हाक मारली."

मग ती परत ओणवी झाली आणि त्या बुटक्या उंचवट्याला म्हणाली, "सुवर्णा." आणि पुन्हा एकदा. मी ओ दिली नाही.